गोठवलेल्या फळांची रंगीत पेये आणि आमचा ब्लेंडर: आठ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

मार्चच्या पहिल्या आठवड्यात आम्ही १००० वॅटचा ब्लेंडर घरी आणला, तेव्हा त्याच्याकडून माझी अपेक्षा एकच होती: आंबा, अननस, ड्रॅगन फ्रूट, जांभूळ अशा फळांची दाट, बर्फाळ, रंगीत पेये घरच्या घरी व्हावीत आणि त्यांतील रंग फळांचाच असावा. आता ऑक्टोबर संपत आला आहे. मधला मे महिन्यातील खंड सोडला, तर आठवड्यातून तीन-चार वेळा तरी हे यंत्र चाललेले आहे, त्यामुळे आता त्याच्याविषयी जबाबदारीने लिहिता येईल असे वाटते. किंमत साडेसहा हजार रुपये, भांडे दीड लिटरचे, पारदर्शक आणि टणक प्लॅस्टिकचे, तळाशी सहा पाती. याच रचनेचे ब्लेंडर अनेक कंपन्या विकतात. म्हणून पुढील बहुतेक गोष्टी कोणत्याही ब्लेंडरला लागू पडतील.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट आधी सांगते. पेय चांगले होणार की नाही, हे आदल्या रात्री फ्रीजरमध्येच ठरते. पहिल्या महिन्यात मी ताजी फळे आणि फ्रीजमधील बर्फाचे खडे एकत्र फिरवत असे. पेय दिसायला छान होई, पण ग्लास हातात घेऊन पाच मिनिटे झाली की रंगीत रस खाली आणि पांढरा भुगा वर अशी त्याची फारकत होई. मुलांनी नळीने रस ओढून घेतला की ग्लासात बेचव बर्फ उरे. बर्फ पूर्ण बंद करून त्याच्या जागी फळच गोठवून घालायला सुरुवात केली, त्या दिवसापासून ही तक्रार संपली.

फळ गोठवण्याची रीत सोपी आहे, पण ती नेमकी पाळावी लागते. फळाच्या दोन-अडीच सेंटिमीटरच्या फोडी करून त्या स्टीलच्या ताटात एकमेकींना चिकटणार नाहीत अशा पसरायच्या आणि ताट झाकून फ्रीजरच्या सर्वांत थंड कप्प्यात ठेवायचे. स्टीलमधून उष्णता लवकर निघून जाते, म्हणून प्लॅस्टिकच्या डब्यापेक्षा ताटातील फोडी लवकर कडक होतात. चार-पाच तासांनी त्या पिशवीत भरून, हवा काढून, तोंड बंद करून ठेवायच्या. थेट पिशवीत भरलेल्या फोडींचा एकच दगड होतो आणि तो फोडताना हातोडी हाती घ्यावी लागते. एप्रिलमध्ये वळवाच्या पावसात एकदा रात्रभर वीज गेली आणि फोडी अर्धवट वितळून पुन्हा गोठल्या, तेव्हा तसाच दगड आमच्याही वाट्याला आला. तेव्हापासून वीज गेली की फ्रीजरचे दार कोणीही उघडायचे नाही, असा घरात नियमच केला आहे.

एवढे करूनही एक कोडे सुटत नव्हते. हापूसचे पेय मलईसारखे होई, पण त्याच पद्धतीने केलेले कलिंगडाचे पेय मात्र खडबडीत राही. हे कोडे माझ्या दिरांनी सोडवले. त्यांची शेती शिरोळ तालुक्यात आहे आणि ऊस तोडणीला आला की नाही हे पाहण्यासाठी त्यांच्याकडे हातात धरून पाहायचा रिफ्रॅक्टोमीटर आहे. रसाचा एक थेंब काचेवर टाकायचा, झाकण लावायचे, उजेडाकडे धरून डोळा लावायचा. आत निळ्या-पांढऱ्या रंगांची सीमारेषा ज्या आकड्यावर दिसते, तो त्या रसाचा ब्रिक्स. ब्रिक्स म्हणजे रसात विरघळलेल्या घन पदार्थांचे शेकडा प्रमाण, आणि ऊस काय किंवा गोड फळ काय, त्यांत हे पदार्थ म्हणजे मुख्यतः साखरच. “वहिनी, ब्रिक्स बघितल्याबिगर आम्ही तोड घेत न्हाई, तुम्ही फळ कशाला घेताय?” असे म्हणून त्यांनी एका रविवारी आमच्या स्वयंपाकघरात ओट्यावर सगळी फळे मांडून मोजली. हापूस १८ भरला, अननस १३, कलिंगड ८, शहाळ्याचे पाणी ५.

कारण मग सरळ होते. साखरेमुळे पाण्याचा गोठणबिंदू खाली जातो. साखर पुरेशी असली, तर शून्याखाली दोन-तीन अंशांवरही पाण्याचा काही भाग द्रव राहतो आणि बर्फाचे बारीक कण त्यात तरंगत राहतात. पेयाला जो मऊ दाटपणा येतो तो याचाच. साखर कमी पडली की जवळजवळ सगळेच पाणी कडक बर्फ होते. फार झाली तर पेय घट्टच होत नाही. आम्ही निरनिराळी मिश्रणे करून पाहिली आणि आमच्या फ्रीजरला, आमच्या ब्लेंडरला १३ ते १५ ब्रिक्सचे मिश्रण सर्वांत चांगले जमते असे आढळले. या हिशेबाने ३०० ग्रॅम गोठलेल्या हापूसला सुमारे १३० मिलिलिटर शहाळ्याचे पाणी घातले की मिश्रण १४ वर येते आणि साखरेचा एक दाणाही लागत नाही. उलट अर्ध्या किलो कलिंगडाला सुमारे ३५ ग्रॅम साखर, म्हणजे जवळजवळ तीन सपाट मोठे चमचे, घालावीच लागते. प्रकृतीमुळे ज्यांना साखर वर्ज्य आहे, त्यांनी कलिंगड पातळ रसाच्या रूपातच घ्यावे हे बरे. साखरेशिवाय त्याचा दाट बर्फाळ गोळा नीट होत नाही. थंड पदार्थाची गोडी जिभेला कमी जाणवते हेही ध्यानात ठेवावे: वितळल्यावर जे अति गोड वाटते, ते गोठलेले असताना बेताचे लागते.

साखरेऐवजी आम्ही अलीकडे उसाचा रसच वापरू लागलो आहोत. गुऱ्हाळावरून ताजा रस आणायचा, त्यात लगेच लिंबू पिळायचे, म्हणजे तो काळा पडत नाही, आणि बर्फाच्या साच्यात ओतून त्याचे खडे करायचे. अननसाच्या फोडी, उसाच्या रसाचे चार-पाच खडे आणि आल्याचा एक लहान तुकडा यांचे पेय मला या आठ महिन्यांतील सर्वोत्तम वाटते. गूळही घालून पाहिला. कोल्हापुरी गुळाची चव अननसाला शोभते, पण पिवळ्या पेयाला तपकिरी छटा येते. रंगासाठी धडपड करायची असेल तर गूळ दूर ठेवावा.

रंगांविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण पैसे आणि फळे सर्वांत जास्त वाया गेली ती इथेच. आंब्याचा आणि पपईचा पिवळा-केशरी रंग निर्धोक असतो. दूध घाला, लिंबू घाला, तो टिकतो. जांभळाचे तसे नाही. जूनमध्ये आजऱ्याकडील जांभळे बाजारात आली, तेव्हा त्यांचा गर गोठवून मी दुधाबरोबर फिरवला आणि राखेसारख्या करड्या-जांभळ्या रंगाचे पेय तयार झाले. चव उत्तम होती, पण पाहुण्यांपुढे ठेवायला मन धजेना. त्याच गरात दुधाऐवजी पाणी आणि अर्धे लिंबू घातल्यावर तो डोळ्यांदेखत झळझळीत किरमिजी झाला. जांभूळ आणि कोकम यांचे रंगद्रव्य आंबटपणात लाल राहते आणि आंबटपणा कमी झाला की निळसर-करड्याकडे झुकते. गोकर्णीच्या फुलांचे निळे पाणीही याच कारणाने लिंबू पिळताच जांभळे होते. कोकमाच्या बाबतीत आगळ आणि अमृतकोकम यांत गल्लत करू नये. आगळात मीठ असते, त्यामुळे पेय खारट तर होतेच, शिवाय मीठही गोठणबिंदू खाली नेते, म्हणून दोन चमच्यांपुढे जाऊ नये.

ड्रॅगन फ्रूट लाल गराचेच घ्यावे. ते आता सांगली-सोलापूर भागांतील कमी पाण्याच्या रानांत पिकते आणि पावसाळ्यात कपिलतीर्थ मंडईत सहज मिळते. गुजरात सरकारने २०२१ मध्ये त्याला ‘कमलम’ असे नाव दिले, पण आमच्याकडे अजून ड्रॅगनच म्हणतात. त्याचा रंग अप्रतिम असतो, चव मात्र फिकी असते. एका फळाला एक जवारी केळे आणि लिंबू यांची जोड दिल्याशिवाय पेयाला जीव येत नाही. ते शिजवू मात्र नये, कारण उष्णतेने त्याचा रंग उतरतो.

अननस आणि दूध यांची जोडी मी पूर्णपणे सोडली आहे. ताज्या अननसातील ब्रोमेलेन हे विकर दुधातील प्रथिने तोडते आणि दहा-पंधरा मिनिटांत पेय कडू होते. गोठवल्याने ते विकर मरत नाही. फोडी साखरेत चार-पाच मिनिटे उकळल्या तरच त्याचा प्रभाव जातो. त्यापेक्षा नारळाचे दूध घ्यावे, त्यात प्रथिने कमी असल्याने हा कडूपणा जाणवत नाही. अननस आणि नारळ यांचे ‘पिन्या कोलाडा’ हे पेय पोर्तो रिको या कॅरिबियन बेटाने १९७८ मध्ये आपले अधिकृत पेय म्हणून जाहीर केले. स्पॅनिश भाषेत त्या नावाचा अर्थ ‘गाळलेला अननस’ असा आहे. मुळात त्यात रम असते. आम्ही ती न घालता करतो आणि सोलकढीसाठी काढतो तसेच दाट पहिले दूध वापरतो. दुसऱ्या पाण्याचे दूध घातले की पेय पांचट होते.

आता यंत्राविषयी. भांड्यात आधी पातळ पदार्थ, मग मऊ फळ आणि सर्वांत वर गोठलेल्या फोडी, हा क्रम चुकला की पात्यांभोवती हवेची पोकळी तयार होते, पाती नुसती गरगरतात आणि वरच्या फोडी हलतही नाहीत. फ्रीजर उणे १८ अंशांवर असेल तर फोडी बाहेर काढून पाच-सात मिनिटे थांबावे. मग आधी झटके देऊन फोडी फोडाव्यात आणि नंतर पूर्ण वेगाने ४० ते ५० सेकंद फिरवावे. मिश्रण जमले की आवाज बदलतो: खडखडाट थांबून जड, घुमणारा स्वर येतो आणि वरच्या पृष्ठभागावर मध्ये खळी पडून चार बाजूंनी फुगवटे दिसतात. तिथे थांबायचे. पुढे फिरवत राहिले की पात्यांच्या घर्षणानेच पेय वितळू लागते. आधीचा ७५० वॅटचा मिक्सर हे काम करीत असे, पण दोन ग्लासांनंतर तापून बंद पडे आणि तळाचे लाल बटण दाबून पुन्हा सुरू करावा लागे. या यंत्राच्या बाबतीत तसे एकदाही झालेले नाही. विजेचा खर्च नगण्य आहे. दोन मिनिटांची एक खेप धरली, तर तीस खेपांना एक युनिट जळते.

दोष दोन आहेत आणि त्यांतील पहिला गंभीर आहे. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात, ऐन हापूसच्या दिवसांत, कपलर तुटला. भांड्याच्या तळाशी मोटरला जोडणारे हे लहानसे दातेरी चाक नायलॉनचे असते. काढून पाहिले तेव्हा सहापैकी चार दाते झिजून गोल झाले होते आणि काळा भुगा आत साठला होता. सेवा केंद्राने सुटा भाग येईल असे सांगत एकोणीस दिवस घालवले, आणि तेवढ्यात आमची एक पेटी नुसती खाण्यातच संपली. शेवटी लक्ष्मीपुरीतील मिक्सर दुरुस्त करणाऱ्या एका कारागिराने दीडशे रुपयांत कपलर बसवून दिला आणि कारणही सांगितले: मोटर पूर्ण थांबण्याआधीच भांडे उचलले की दाते झिजतात. आम्ही नेमके तेच करीत होतो. पण साडेसहा हजारांच्या यंत्रासोबत एक जादा कपलर आणि ही एक ओळ सूचना देणे कंपनीला अशक्य नव्हते, हे मी ठामपणे म्हणेन.

दुसरा दोष स्वच्छतेचा. पाती भांड्यापासून सुटी होत नाहीत. रायवळ आंबा घातला तेव्हा त्याचे धागे पात्यांखालच्या दांड्याभोवती सुतासारखे गुंडाळले गेले आणि दोन दिवसांनी तिथून आंबूस वास येऊ लागला. ते धागे चिमट्याने एकेक ओढून काढावे लागले. तेव्हापासून रायवळचा रस आधी गाळून घेतो. एरवी कोमट पाणी आणि साबणाचा एक थेंब घालून अर्धा मिनिट फिरवले की भांडे स्वच्छ होते. भांड्याची पारदर्शकता आता थोडी धुरकट झाली आहे, पण कामात त्याने काही फरक पडत नाही. आवाज मोठा आहे. दुपारी घरातील वडीलधारी झोपलेली असताना मी ब्लेंडर लावत नाही.

दोन रंगांचे थर हवे असतील, तर ग्लास वीस मिनिटे फ्रीजरमध्ये ठेवावेत आणि जास्त दाट, जास्त गोड मिश्रण खाली घ्यावे. खाली हापूस, त्यावर ड्रॅगन, असे थर चमच्याच्या पाठीवरून हळूच सोडले की पंधरा मिनिटे तरी वेगळे राहतात. पाहुणे जास्त असले तर मी पहिली खेप दुसऱ्या भांड्यात काढून त्या भांड्यासकट फ्रीजरमध्ये ठेवते आणि दुसरी खेप होईपर्यंत तिला धक्का लावत नाही. उरलेले पेय मात्र पुन्हा गोठवून फिरवल्यास पहिल्यासारखे होत नाही, ते साच्यात ओतून त्याच्या कांड्या केलेल्या बऱ्या.

हे यंत्र मी पुन्हा घेईन का, असे धाकट्या जावेने विचारले, तेव्हा घेईन असेच सांगितले, पण त्याच्या आधी फ्रीजरमध्ये दोन कप्पे रिकामे करून ठेव असेही सांगितले. तिच्यासाठी त्या कारागिराकडून दोन कपलर आणून ठेवले आहेत. मे महिन्यात कपलर बसल्यावर गोठवलेल्या हापूसच्या नऊ पिशव्यांपैकी दोन अजून फ्रीजरमध्ये शिल्लक आहेत. त्या भाऊबीजेला निघतील.