प्रेमकादंबरी वाचनालयातून आणावी की मोबाईलवर वाचावी

माझी मावसबहीण नाशिकला सिडकोत राहते. मुलगा बारावी होऊन पुण्याला गेला, घर एकदम रिकामं झालं, आणि परवा तिने फोन करून विचारलं की वाचनालयाची वर्गणी भरू का फोनवरच्या ॲपचे पैसे भरू, मला काही जड वाचायचं नाहीये रे, प्रेमाबिमाचं काहीतरी सांग. मला विचारायचं कारण म्हणजे मी सातपूरला शिफ्टमध्ये काम करतो आणि गेली अठरा-वीस वर्षं सेकंड शिफ्टहून आल्यावर झोप येईपर्यंत प्रेमकादंबऱ्याच वाचतो, हे आमच्या सगळ्या नातेवाइकांना माहीत आहे. दोन्हीकडचं भरपूर वाचून झालंय. ताईला जे सांगितलं तेच इथे जरा सविस्तर लिहितोय.

आधी मोबाईलवरच्या क्रमशः कथांचं चांगलं सांगतो, कारण न वाचताच त्यांना नावं ठेवणारे खूप आहेत. लिहिणाऱ्या बऱ्याच जणी नोकरी किंवा घर सांभाळून रात्री लिहितात आणि त्यांच्या गोष्टीतलं घर हे आपलं घर असतं. एका कथेत नायिका जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, नवरा वारलाय, बदलीचा अर्ज अडकलाय, सासू म्हणते तू खुशाल दुसरं लग्न कर पण नातू आमच्याकडे ठेव. तिच्या आयुष्यात जो येतो तो ट्रॅक्टरच्या शोरूममध्ये हिशोब बघणारा साधा माणूस. आणि तो तिला पहिली गोष्ट काय देतो, तर तिच्या पोराच्या दप्तराची तुटलेली चेन. म्हणजे दप्तर घेऊन जातो, नवीन रनर टाकून आणतो, दोनदा चेन वरखाली करून दाखवतो आणि चहासुद्धा न घेता जातो. ती त्या रात्री पोरगा झोपल्यावर उगाचच दप्तराची चेन उघडते आणि लावते. बास, एवढंच. मला ते वाचून जे वाटलं ते गुलाबाची फुलं आणि चंद्रप्रकाश असलेल्या पन्नास पानांत वाटलं नव्हतं. विधवेचं, घटस्फोटितेचं, चाळिशीतलं, कर्जाचे हप्ते भरता भरता झालेलं प्रेम इथे जितक्या सहज येतं तितकं मला जुन्या छापील कादंबऱ्यांत फार कमी भेटलं.

जुन्या छापील म्हणजे मी कुठल्या म्हणतोय ते कळलं असेल. ना. सी. फडक्यांपासून सुरू होतं, त्यांनी सत्तरहून जास्त कादंबऱ्या लिहिल्या, आणि आजही कुठलीही उघडा, वाक्य कुठे अडखळत नाही. दोन माणसं पहिल्यांदा एकमेकांकडे बघतात तो प्रसंग कसा बांधायचा हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पण जग फार टापटीप. पैशाची चणचण नाही, जात कुणी विचारत नाही, घरातलं धुणंभांडं कोण करतं ते कळत नाही. नंतरच्या, साठ ते ऐंशीच्या दशकातल्या कादंबऱ्यांत घर आलं, आई-वडील आले, पण नायिकेच्या वाट्याला त्याग आला. ती हुशार, नोकरी करणारी, आणि शेवटची चाळीस पानं राहिली की धाकट्या बहिणीसाठी नाहीतर वडिलांच्या शब्दासाठी सगळं सोडून देते आणि लेखक त्याला मोठेपणा म्हणतो. याची निराशा मला अजून होते. एवढं सगळं सोज्वळ असूनसुद्धा या पुस्तकांना घरात मान नव्हताच, आमच्याकडे आत्या तिची कादंबरी गादीखाली ठेवायची. कादंबरीकार चंद्रकांत काकोडकरांवर तर दिवाळी अंकातल्या एका कथेवरून अश्लीलतेचा खटला झाला, तो सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आणि १९६९ मध्ये ते सुटले.

रागीट नायकाचा वैताग मात्र दोन्हीकडे आहे. मोबाईलवर, निदान माझ्या वाचनात तरी, जरा जास्तच. मोठा उद्योगपती, कुणाशी धड बोलत नाही, नायिकेशी कुठल्यातरी कराराचं किंवा जबरदस्तीचं लग्न, मनगट इतकं घट्ट धरतो की वळ उठतात, आणि आठव्या भागात कळतं की हे प्रेम होतं. जुन्या इंग्रजी पातळ कादंबऱ्यांतही असले नायक खूप असायचे, त्यामुळे याचं खापर फक्त ॲपवर फोडणार नाही. मला दोन मुली आहेत, मला ते वाचवत नाही, मी सरळ सोडून देतो.

त्या इंग्रजी पातळ पुस्तकांचंही सांगतो, कारण बऱ्याच वाचनालयांत त्यांचं एक कपाट असतं. मिल्स अँड बून ही १९०८ ची लंडनची कंपनी, सुरुवातीला सगळ्याच प्रकारची पुस्तकं छापायची, १९३० च्या दशकात प्रेमकादंबऱ्यांवर आली, आणि त्या काळात तिचं मोठं गिऱ्हाईक म्हणजे भाड्याने पुस्तकं देणाऱ्या लायब्रऱ्याच होत्या. म्हणजे हा प्रकार वाढलाच वाचनालयाच्या जिवावर. अमेरिकेतल्या रोमान्स लेखकांच्या संघटनेने प्रेमकादंबरीच्या दोनच अटी मानल्या आहेत, गोष्टीच्या मध्यभागी प्रेम पाहिजे आणि शेवट मनाला समाधान देणारा, आशेचा पाहिजे. लोक या दुसऱ्या अटीवरूनच बोलतात की शेवट माहितीच असतो तर वाचायचं कशाला.

त्याचं उत्तर मला वडिलांच्या ऑपरेशनच्या वेळी मिळालं. चार रात्री दवाखान्याच्या बाकावर काढल्या, पेपर वाचवत नव्हता, फोन बघवत नव्हता, आणि बॅगेत एक पातळ इंग्रजी कादंबरी होती, माझं इंग्रजी काही फार चांगलं नाही, अडलेले शब्द सोडून देत वाचत होतो. नर्स बोलवायला आली की पान दुमडायचो, परत येऊन तिथूनच पुढे. आत काय होणार ते माहीत नव्हतं पण या दोघांचं शेवटी जमणार हे माहीत होतं, आणि तेवढ्या एका खात्रीवर मी चार रात्री काढल्या. शेवट माहीत असतो म्हणूनच मधली भांडणं, गैरसमज, ताटातूट हे सगळं जवळ जाऊन वाचता येतं. प्रेमकादंबरी वाचकाला एकच शब्द देते, तो शेवटाचा.

आणि मोबाईलवर नेमका तोच पाळला जात नाही. माझं मन तिथून उठलं ते यामुळेच.

दप्तराची चेन असलेली ती कथा. रोज एक भाग यायचा, मग आठवड्याला दोन, मग पुढचे भाग पैसे भरून, ते मी भरले, त्याचं मला काही वाटत नाही, लिहिणारीला चार पैसे मिळालेच पाहिजेत. भाग ४० च्या आसपास दोघांचं जमलं. गोष्ट खरं तर तिथे संपायला हवी होती, पण वाचक रोज येत होते मग थांबणार कोण, तर त्याची जुनी मैत्रीण आली, नायिकेचा नवरा मेलाच नसल्याचा संशय आला, अपघात झाला. चेन दुरुस्त करून चहा न घेता जाणारा माणूस भाग ७० मध्ये दवाखान्यात स्मृती गेलेल्या अवस्थेत, हे वाचताना मला खरंच वाईट वाटलं. तरी वाचत राहिलो. भाग ८३ मध्ये ती नाशिकरोड स्टेशनच्या पुलावर उभी आहे, खाली गाडी लागलेली आहे, हातात फोन वाजतोय आणि नाव दिसतंय ते त्याचं. खाली लिहिलं होतं, क्रमशः.

पुढचा भाग आलाच नाही. तीन वर्षं झाली. लेखिकेची काही अडचण असेल, आजारपण असेल, कंटाळली असेल, तिला दोष द्यायची माझी इच्छा नाही, पण माझ्यासाठी ती बाई अजून त्या पुलावर उभी आहे आणि फोन वाजतोच आहे.

आता कुणी म्हणेल की पुस्तकाची पानंही गळतातच. गळतात ना. एकदा वाचनालयाच्या एका जुन्या कादंबरीत शेवटची आठ-दहा पानं नव्हती, कुणीतरी फाडलेली. मी अकरा दिवस तिची दुसरी प्रत शोधली. काउंटरवर विचारलं, कंपनीत विचारलं, शेवटी पंचवटीत एका मित्राच्या आईच्या कपाटात सापडली, आणि त्या काकूंनी पुस्तक देताना विचारलं, शेवट सांगू का, मी म्हटलं नको. त्यांच्या ओट्यापाशी उभं राहूनच वाचली ती पानं. माझ्या हातात नसला तरी शेवट गावात कुठेतरी होता. त्या ८३ भागांचा शेवट कुणाच्याच कपाटात नाही, कदाचित लिहिणारीकडेही नाही.

क्रमशः हा काही मोबाईलचा शोध नाही, हरिभाऊ आपट्यांच्या कादंबऱ्याही ‘करमणूक’मधून अशाच क्रमाक्रमाने यायच्या, ते साप्ताहिक १८९० चं. लोक तेव्हाही वाट बघायचे. तेव्हा क्रमशः लिहिण्याचा प्रकार वाईट आहे असं मी म्हणणार नाही, आणि कुणाला रोज रात्री दहा मिनिटं वाचून झोपायचंय, शेवटाची एवढी ओढ नाही, त्याला ॲप चांगलंच आहे. प्रवासातही बरं, सिटीलिंकच्या बसमध्ये उभ्या उभ्या जाड पुस्तक धरवत नाही.

ताईला मी एवढंच सांगितलं की निदान सहा महिने वाचनालय कर. नाशिकमध्ये राहून ते न करणं जरा जिवावर येतं, आपलं सार्वजनिक वाचनालय १८४० चं आहे. फोनवर वाचायचंच असेल तर फक्त पूर्ण झालेल्या कथा घे, आणि त्यातही ५० भागांच्या आतल्या, छान असतात बऱ्याच. फडके पहिल्यांदा नको, आधी सत्तरच्या दशकातलं घरगुती काहीतरी घे, त्यागाची तयारी ठेवून. आणि जे पुस्तक घेशील त्याची शेवटची पानं आहेत का ते काउंटरवरच उघडून बघ, फक्त वाचू नको.