‘बाटिक’ म्हणून विकलेले छापील कापड

गेल्या दिवाळीपूर्वी नागपुरात सीताबर्डीजवळच्या एका प्रदर्शनातून मी गोधडीसाठी बाटिकचे अर्ध्या मीटरचे १२ तुकडे २,१०० रुपयांना घेतले. ते बाटिक नव्हतेच, हे कळेपर्यंत प्रदर्शन उठून गेले होते.

माझा नमुना माशाच्या काट्यासारखा होता: समांतरभुज चौकोनांची एक ओळ उजवीकडे झुकलेली, पुढची डावीकडे, आणि मध्ये कुठेही फट नाही. यात निम्मे तुकडे उरलेल्या निम्म्यांची आरशातील प्रतिबिंबे असतात. बाटिकमध्ये गरम मेण कापडात मुरते आणि मग कापड रंगात बुडवले जाते, त्यामुळे दोन्ही बाजू जवळजवळ सारख्या दिसतात व उजवा तुकडा नुसता उलटला की डावा तयार होतो. याच भरवशावर मी कापडाचे थर एकाच दिशेने रचून, पाव इंच शिवण धरून, सगळे १२० तुकडे एकाच साच्याने कापून टाकले.

विक्रेत्याने माल उज्जैनजवळच्या भैरवगडचा असल्याचे सांगितले होते. टेबलावर उलगडलेला नमुना खरोखर अस्सल होता, त्याला मेणाचा पुसटसा वासही येत होता. विकायचा माल मात्र रंगीत बाजू वर ठेवून सीलबंद पाकिटात घातलेला होता. “ताई, घडी मोडली की सेट विकला जात नाही,” असे तो म्हणाला आणि मला ते पटले. (जन्मभर शिवणकाम केलेल्या बाईला हे पटावे, याची आजही लाज वाटते.)

घरी ६० तुकडे उलटले, तर मागची बाजू फिकट, जवळपास पांढरी. मेणाला तडे जाऊन बाटिकवर ज्या वेड्यावाकड्या बारीक रेघा उमटतात, त्या उरलेल्या पट्ट्यांवर दर बारा इंचांनी हुबेहूब तशाच परत येत होत्या, म्हणजे त्या छापलेल्या होत्या. एक धागा जाळून पाहिला. सुताची मऊ राख होते, इथे कडक काळा मणी उरला. कापडाचा रंग गेला, पण त्यावरून मी काही ठरवले नाही, कारण गडद रंगाचे अस्सल बाटिकही पहिल्या धुण्यात रंग सोडू शकते.

फोनवर उत्तर मिळाले, “बाटिक हे डिझाइनचे नाव आहे.” चिठ्ठीवर ‘मिक्स कापड, १२ नग’ एवढेच लिहिलेले होते, जीएसटी क्रमांक नव्हता, आणि यूपीआयवरून पैसे गेलेले खाते तिसऱ्याच नावाचे निघाले. आयोजकांनी, आपण फक्त जागा भाड्याने दिली होती, असे सांगून हात झटकले. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर मी तक्रार नोंदवली आहे. परंतु पावतीवर ‘बाटिक’ हा शब्दच नसल्यामुळे माझी बाजू लंगडी पडते. तो शब्द आणि ‘शुद्ध सुती’ हे दोन्ही मी तिथेच लिहून घ्यायला हवे होते.

पुढे गांधीबागेत मीटरने कापड घेतले, तेव्हा दुकानदाराने मी न सांगताच थानाचे टोक उलटून दाखवले.