जुना शक्ती १३० डीआय पॉवर टिलर: दुरुस्तीत पैसे घालावेत की नवा घ्यावा?

व्हीएसटी कंपनीचा शक्ती १३० डीआय गोव्याच्या बऱ्याच भातशेतांत वर्षानुवर्षं राबतो आहे. १३ एचपी, ६७३ सीसी, एकच आडवा सिलिंडर, पाण्याने थंड होणारं डिझेल इंजिन, पुढचे सहा आणि मागचे दोन गिअर, ६० सेंटीमीटर रुंदीची रोटरी (माती घुसळणारी फिरती पाती). यंत्र साधं आहे आणि तेच त्याचं बळ आहे. म्हणूनच पंधरा-वीस वर्षांचा टिलर धूर सोडू लागला की घरात वाद सुरू होतो: खोलायचा की काढून टाकायचा?

आमचं मत आधीच सांगतो. इंजिन गेलं म्हणून हा टिलर कधीच बदलू नये. गिअरबॉक्सचं बिडाचं खोकं गेलं असेल तर मात्र दुरुस्तीत एक रुपयाही घालू नये. लोक नेमकं उलटं करतात. धूर आणि आवाज दिसतो, म्हणून इंजिनाला घाबरतात. खोकं चिखलाखाली असतं, म्हणून तिकडे कुणी बघत नाही.

त्यामुळे तपासणी खालून सुरू करा. टिलर रात्रभर सपाट जागी उभा ठेवा आणि सकाळी, सुरू करण्याआधी, गिअरबॉक्सचा ड्रेन बोल्ट सावकाश सैल करा. आधी पाणी आणि मग तेल आलं, तर पाणी आत जाऊन खाली बसलंय. सगळं तेलच दुधाळ असेल, तर पाणी बराच काळ आत घुसळलं जातंय आणि बेअरिंगांना गंज चढला आहे असं धरून चाला. हे पाणी चाकाच्या शाफ्टवरच्या ऑइल सीलमधून येतं. चिखलणीत शाफ्ट सतत पाण्याखाली फिरतो, त्यावर पेंढा आणि खताच्या पिशवीची नायलॉनची दोरी गुंडाळली जाते आणि सीलची कड कापते.

नवं सील बसवलं आणि महिन्याभरात पुन्हा गळती लागली, ही तक्रार नेहमीची. त्यात सीलचा दोष नसतो. जुन्या सीलने शाफ्टवर गोल चरा पाडलेला असतो. शाफ्ट पुसून त्या जागेवरून नख आडवं फिरवा. नख अडकलं तर तिथे कुठलंच सील टिकणार नाही. उपाय तीन: खोक्यात जागा असेल तर सील दोन-तीन मिलिमीटर आत किंवा बाहेर सरकवून बसवणं, लेथवर शाफ्टला स्लीव्ह चढवणं, किंवा शाफ्टच नवा घेणं. पहिला उपाय जवळजवळ फुकटात होतो, पण मेकॅनिक आपणहून सुचवेलच असं नाही. तुम्ही विचारा.

खरा निकाल बेअरिंगच्या घरावर, म्हणजे खोक्यातल्या ज्या भोकात बेअरिंग बसतं त्यावर, लागतो. टिलरखाली ठोकळे लावून चाक जमिनीपासून उचला आणि वर-खाली हलवा. खडखड झाली तर बेअरिंग काढून घ्या. नुसतं बेअरिंग झिजलं असेल तर काम स्वस्तात सुटतं. पण बेअरिंगचं बाहेरचं कडं खोक्यात फिरलेलं असेल तर बिडातली भोकं मोठी झालेली असतात. अशा वेळी काही मेकॅनिक आत पंचाने ठिपके मारतात किंवा पत्र्याची पट्टी घालतात. तो एका हंगामाचा जुगाड आहे. योग्य काम म्हणजे घर बोअर करून त्यात स्लीव्ह (धातूची नळी) ठोकणं. एका बाजूचं घर गेलं असेल तर ते करून घ्या. दोन्ही बाजूंची गेली असतील, किंवा एक्सल जिथे बोल्टांनी जोडला जातो तिथे खोक्याला चीर असेल, तर थांबा. बिडाचं वेल्डिंग निकेल रॉडने, तापवून, नीट केलं तरी रोटरीचे धक्के लागतात त्या जागी ते क्वचितच टिकतं.

खाजन शेतीत (खाडीकाठच्या खारट, सखल शेतांत) हे सगळं लवकर घडतं. दिवाडी, चोडणसारख्या भागात जूनच्या पहिल्या पावसांनी मीठ धुऊन जातं असं आपण म्हणतो. पिकासाठी ते पुरतं, लोखंडासाठी नाही. दिवसाचं काम संपलं की विहिरीच्या किंवा नळाच्या गोड्या पाण्याने एक्सल, रोटरीची चेनकेस आणि लोखंडी चाकांची आतली बाजू धुवायलाच हवी. बांधावर ताडपत्रीखाली चिखलासकट ठेवलेला टिलर आतून कुजत असतो. याहून वाईट सवय म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या टाकीत शेतातलं मचूळ पाणी भरणं. त्याने लायनर (सिलिंडरची आतली, बदलता येणारी नळी) बाहेरून खड्डे पडून खाल्ला जातो आणि ब्लॉकमध्ये लायनर टेकतो ती कडही झिजते. जुना टिलर विकत घेत असाल तर पाण्याच्या टाकीचं झाकण उघडून पाण्याचा रंग आणि आतला थर नक्की बघा.

आता इंजिन. डीकॉम्प्रेशनचा (सिलिंडरमधला दाब सोडणारा) खटका न दाबता हँडल हळू फिरवा. चांगल्या इंजिनात हँडल एका जागी घट्ट अडतं आणि उलटा धक्का देतं, म्हणून अंगठा बाकीच्या बोटांच्याच बाजूला ठेवा. हँडल सहज फिरत राहिलं तर कॉम्प्रेशन गेलंय. कुठून गेलंय ते कळण्यासाठी इनलेटमधून दोन चमचे इंजिन ऑइल आत सोडा, खटका दाबून आठ-दहा फेरे मारा आणि पुन्हा बघा. जोर वाढला तर रिंगा आणि लायनर झिजलेत. फरक पडला नाही तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. सिलिंडर आडवा असल्यामुळे तेल खालच्या बाजूलाच साचतं. फेरे मारल्याशिवाय ही चाचणी फसवते.

धुराचा रंगही वाचता येतो. काळा धूर बहुतेक वेळा एअर फिल्टर, नोझल किंवा जास्तीचा भार दाखवतो आणि त्यासाठी इंजिन खोलायची गरज नसते. निळा धूर म्हणजे तेल जळतंय. गरम झाल्यावरही पांढरा धूर राहिला तर कॉम्प्रेशन कमी आहे किंवा पाणी आत येतंय.

पूर्ण ओव्हरहॉलिंगच्या यादीत एवढं असायला हवं: पिस्टन, रिंगा, पिन, लायनर, लायनरच्या रबरी रिंगा, हेड गॅस्केट, कनेक्टिंग रॉडचे मेटल (बेअरिंगचे अर्धगोल तुकडे), व्हॉल्व्ह ग्राइंडिंग आणि टेस्टरवर तपासलेला नोझल. पैसे वाचवायला जुन्या लायनरमध्ये नुसत्या नव्या रिंगा घालू नका. गुळगुळीत, अंडाकृती झालेल्या लायनरमध्ये नव्या रिंगा बसतच नाहीत, पुढच्या हंगामात धूर परत येतो. क्रँक मायक्रोमीटरने मोजून घ्या. घासायचा असेल तर ०.२५ किंवा ०.५० मिलिमीटर कमी मापाचे मेटल लागतात, आणि ते मिळतात याची खात्री क्रँक घासण्याआधी करायची. लायनर बसवल्यावर त्याची कड ब्लॉकपेक्षा किंचित वर राहायला हवी. ती खाली बसली तर हेड गॅस्केट वारंवार उडणार, आणि मग दोष गॅस्केटच्या माथी मारला जातो. रबरी रिंग पीळ पडून बसली तर पाणी ऑइलमध्ये उतरतं. म्हणून हेड चढवण्याआधी पाणी भरून तासभर ठेवा आणि क्रँककेसमध्ये थेंब दिसतो का ते बघा.

डिझेलची टाकी विसरू नका. गंजलेल्या टाकीतली खपली फिल्टर ओलांडून गेली की डिझेल पंपाचा प्लंजर ओरखडतो. नवं केलेलं इंजिन जुन्या टाकीमुळे बिघडणं हे फार वाईट नुकसान आहे.

रोटरीची ब्लेड, पट्टे, क्लचच्या प्लेटा, केबल, टायर हे सगळं झिजण्यासाठीच असतं. निर्णयात ते धरू नका. पट्टे मात्र नेहमी पूर्ण जोडी एकदम बदला. एक नवा आणि बाकी जुने घातले की सगळा भार नव्यावर येतो.

नवा घ्यायचा की नाही याचं गणित तासांवर करा, यंत्राच्या वयावर नको. ६० सेंटीमीटरची रोटरी ताशी दोन किलोमीटरने चालली, वळणं आणि ओव्हरलॅप धरले, तर तासाला साधारण ९ गुंठे होतात. एक हेक्टर दोन वेळा चिखलायला बावीस तास. खरीप आणि वायंगण (हिवाळी भात) दोन्ही घेतलं तरी वर्षाला पन्नास तासांच्या आत. एवढ्या कामासाठी दोन लाखांच्या आसपासचा नवा टिलर घेणं परवडत नाही. खोकं शाबूत असेल तर ओव्हरहॉल केलेला जुना टिलर अशा शेतकऱ्याला अनेक वर्षं पुरतो. उलट जो भाड्याने देतो आणि जून-जुलैत रोज आठ-दहा तास चालवतो, त्याचं यंत्र चिखलणीत दोन दिवस बंद पडलं तरी गिऱ्हाईक दुसरीकडे जातं. त्याने नवा घ्यावा आणि जुना जोडीला ठेवावा.

दुरुस्तीचा अंदाज लेखी घ्या आणि सबसिडी वजा जाता नव्याला खिशातून किती जातील त्याच्याशी ताडून बघा. छापील किमतीशी ताडू नका. अंदाज त्या रकमेच्या एक तृतीयांशाच्या आत असेल तर दुरुस्त करा, निम्म्याच्या वर गेला तर सोडून द्या. मधला असेल तर खोक्याची अवस्था निर्णय देईल. केंद्राच्या कृषी यांत्रिकीकरण उपअभियानात पॉवर टिलरला अनुदान आहे. गोव्यात त्यासाठी कृषी कार्ड लागतं. खरेदी करण्याआधीच विभागीय कृषी कार्यालयात जाऊन मंजुरीचा क्रम आणि यंत्र परत विकण्याची अट विचारून घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टर आणि मशागतीच्या यंत्रांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला आहे, त्यामुळे त्याआधीचं कोटेशन हातात असेल तर नवं मागवा.

चिनी बनावटीच्या जुन्या टिलरचा हिशेब वेगळा आहे. जुलै २०२० मध्ये केंद्राने पॉवर टिलर आणि त्याच्या भागांची आयात मुक्त यादीतून काढून परवान्याखाली आणली. इंजिनाचे भाग मिळतीलही, पण गिअर आणि शाफ्ट आधी हातात येऊ द्या, मगच खोकं उघडा. शक्ती आणि केरळच्या कॅमको या दोघांच्या बाबतीत हा प्रश्न येत नाही, आणि जुनं यंत्र राखायचं असेल तर आमच्या लेखी हाच सर्वांत मोठा गुण आहे.

भात सोडून फक्त कुळागर (पोफळीची बाग) असेल तर १३ एचपीचं हे धूड मुळातच जड आहे. रोटरीसह वजन चारशे किलोच्या आसपास, पोफळींच्या ओळींत वळवताना मुळं तुटतात आणि पाट मोडतात. तिथे जुन्यावर खर्च न करता ५ ते ७ एचपीचा पॉवर विडर बघा.

काम फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये उरका. मेच्या अखेरीस प्रत्येक मेकॅनिककडे रांग असते आणि घाईत मोजमाप राहून जातं. शिवाय नव्या पिस्टनला पहिले पंचवीस तास हलका भार हवा, चिखलणी नव्हे. ते तास कोरड्या नांगरटीत किंवा ट्रॉली ओढण्यात काढा आणि त्यानंतर ऑइल बदला. जुना मोडीत काढायचं ठरलंच, तर भंगारवाल्याला देण्याआधी नोझल, पंप, क्लच, रोटरीचा शाफ्ट, लोखंडी चाकं आणि हँडल काढून घ्या. नवा त्याच मॉडेलचा घेतलात तर यातलं बरंचसं लागू पडतं.