रंगाईचे सांडपाणी: जिवंत शेवाळ, सुके समुद्रशेवाळ की सक्रिय कोळसा?

गोव्यात कापडरंगाईचा लहान कारखाना चालवणाऱ्याने सांडपाण्यातील रंग काढण्यासाठी शेवाळाचा विचार करण्यापूर्वी आपला रंग कोणत्या जातीचा आहे हे पाहावे, कारण निवड बरीचशी तिथेच ठरते.

मिथिलिन ब्लूसारखे बेसिक रंग पाण्यात धनभारित असतात. हणजूण, वागातोरच्या खडकांवर वाढणाऱ्या सरगॅसम या तपकिरी शेवाळात अल्जिनेट हा चिकट पदार्थ असतो आणि त्यातील कार्बॉक्झिल गट ऋणभारित असल्याने असे रंग त्याच्या सुक्या भुकटीला सहज चिकटतात. सुती कापडाचे रिॲक्टिव्ह रंग मात्र स्वतःच ऋणभारित असतात. ते धरून ठेवण्यासाठी पाण्याचा पीएच साधारणपणे २ ते ३ पर्यंत उतरवावा लागतो. रंगाईचे पाणी सोड्यामुळे आधीच अल्कधर्मी असते, म्हणजे प्रथम आम्ल ओतायचे आणि सोडण्यापूर्वी पुन्हा चुना घालायचा. भुकटी फुकट मिळाली तरी हा खर्च टळत नाही.

क्लोरेलासारखे जिवंत सूक्ष्मशेवाळ रंग शोषते, काही ॲझो रंगांचे (ज्यांच्या रेणूत नायट्रोजनचा जोडबंध असतो) बंध विकरांच्या (एन्झाइमांच्या) साहाय्याने तोडते आणि पाण्यातील नायट्रोजन-फॉस्फरसही उचलते. कागदावर हा सर्वांत आकर्षक पर्याय असला, तरी गडद पाण्यात ऊन शिरत नाही, जून ते सप्टेंबर आभाळ भरलेले असते आणि उघड्या तळ्यात पावसाचे पाणी साचते. शिवाय रिॲक्टिव्ह रंगाईच्या द्रवात लिटरमागे ४० ते ८० ग्रॅम मीठ असू शकते, जे गोड्या पाण्यातील शेवाळाला सोसत नाही (आणि तिन्हींपैकी एकही पर्याय ते काढत नाही). ॲझो रंग तुटल्यावर ॲरोमॅटिक अमाइन ही घातक ठरू शकणारी संयुगे उरू शकतात, त्यामुळे पाणी रंगहीन दिसले एवढ्यावर समाधान मानू नये.

सक्रिय कोळसा (असंख्य सूक्ष्म छिद्रांचा, रंग शोषणारा कोळसा) महाग, पण पावसाळ्यातही चालणारा आहे. करवंटीचा कोळसा आपल्याकडे साहजिकच आधी सुचतो. मात्र त्याची बहुतेक छिद्रे २ नॅनोमीटरपेक्षा लहान असतात आणि रिॲक्टिव्ह रंगांचे मोठे रेणू त्यांत नीट शिरत नाहीत. म्हणून विक्रेत्याकडे केवळ आयोडीन अंक (लहान छिद्रांचे माप) न मागता मिथिलिन ब्लू अंकही (त्याहून मोठ्या छिद्रांचे माप) मागावा आणि मोठ्या छिद्रांचा, उदाहरणार्थ लाकडाचा, कोळसा तपासून पाहावा.

माझ्या मते बेसिक रंगांसाठी सरगॅसमची भुकटी, रिॲक्टिव्ह रंगांसाठी तुरटीने गाळ बसवून मग कोळसा, आणि जागा असल्यास छप्पर असलेले जिवंत शेवाळाचे तळे केवळ शेवटच्या टप्प्यावर, तेही विरळ झालेल्या पाण्यासाठी ठेवावे. रंग शोषलेली भुकटी किंवा शेवाळ कुळागरात (माड-पोफळीच्या बागेत) खत म्हणून टाकू नये. त्याची विल्हेवाट घातक कचऱ्याच्या नियमांप्रमाणे लावावी लागेल असे धरूनच खर्चाचा हिशेब मांडावा.