टिळकवाडीतील प्रसूतिगृहाचे दांपत्य समुपदेशन : मोकळेपणा आहे, आडोसा नाही

बेळगावच्या टिळकवाडी भागातील एका खासगी प्रसूतिगृहात नेहमीच्या तपासणीनंतर पती-पत्नींना एकत्र बसवून समुपदेशन केले जाते आणि त्यात गरोदरपणातील शरीरसंबंधांचा विषय टाळला जात नाही. आपल्याकडे डोहाळजेवण थाटात होते, काय खावे हे शेजारीणही सांगते. या विषयावर मात्र आई बोलत नाही, सासू बोलत नाही आणि नवरा मनातल्या मनात घाबरून दूर राहतो.

येथील डॉक्टरबाईंनी चित्र समोर ठेवून सांगितले की गर्भजल, गर्भाशयाचे जाड स्नायू आणि गर्भाशयमुखाशी साचलेला चिकट स्राव यांमुळे बाळ सुरक्षित असते, म्हणून गुंतागुंत नसलेल्या गरोदरपणात संबंधांमुळे त्याला इजा होत नाही. ‘मग नंतर पोट कडक का होते?’ असे माझ्या पतींनी धीर करून विचारले. ती आकुंचने सौम्य असतात आणि विश्रांतीने थांबतात, न थांबल्यास मात्र लगेच यावे, असे उत्तर मिळाले. वार (बाळाला पोषण पुरवणारी, नाळेने जोडलेली) गर्भाशयात खाली असणे, अंगावरून रक्त किंवा पाणी जाणे, गर्भाशयाचे तोंड वेळेआधी उघडू लागणे, अशा स्थितीत संबंध टाळायचे असतात. पण हा निर्णय डॉक्टरबाई सोनोग्राफीचा अहवाल वाचूनच देतात, सरसकट मनाई करत नाहीत, आणि मला हीच बाजू सर्वांत मोलाची वाटली. शेवटच्या महिन्यांत फार वेळ उताणे राहिल्यास गर्भाशयाचा भार मोठ्या शिरेवर पडतो, म्हणून कुशीवरची स्थिती त्यांनी सुचवली. पहिल्या तिमाहीत मळमळ आणि थकव्यामुळे इच्छा कमी होणे स्वाभाविक आहे आणि पत्नी नको म्हणाली की विषय तिथेच संपतो, हे त्यांनी पतींकडे पाहून, स्पष्ट शब्दांत सांगितले.

उणीव गंभीर आहे. समुपदेशनाच्या जागेला दार नाही, केवळ पडदा आहे, आणि बाहेरच्या बाकावर सगळे ऐकू येते. खानापूरकडची एक तरुण गरोदर मुलगी प्रश्न अर्धवट सोडून उठलेली मी पाहिली. माहितीपत्रकही फक्त कन्नड आणि इंग्रजीत आहे, जेव्हा येथे येणाऱ्या कित्येक स्त्रिया मराठीच वाचतात. बाळंतपणानंतर पाळी येण्याआधीही गर्भ राहू शकतो, ही महत्त्वाची गोष्ट शेवटी घाईत उरकली गेली.

समुपदेशनाचे वेगळे शुल्क नाही. पतींना सोबत न्यावे आणि सोनोग्राफीचे सर्व अहवाल जवळ ठेवावेत. खासगी तपासणी परवडत नसेल, तर प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यांत मोफत तपासणी होते. हे प्रश्न तेथेही निःसंकोच विचारावेत.