विमानातली कॉफी: तिथली घ्यावी, खाली पिऊन चढावं की घरची न्यावी?

नाशिकहून विमानप्रवासाला निघालेल्या कॉफीबाजापुढे चार वाटा असतात. विमानात पाकिटातली कॉफी विकत घ्यायची, पूर्ण सेवेच्या कंपनीत जगमधून ओतून देतात ती घ्यायची, चढण्याआधीच पिऊन मोकळं व्हायचं, नाहीतर घरून सोय करून न्यायची. नाशिकच्या ओझर विमानतळावरून थेट बंगळुरू किंवा दिल्लीला जाणाऱ्याने काय करावं आणि मुंबईहून रात्रीच्या विमानाने लेकीकडे अमेरिकेला जाणाऱ्याने काय करावं, याची उत्तरं वेगळी आहेत. पण दोघांनीही ब्रँड बघण्याआधी एक गोष्ट बघावी: कॉफीचा अर्क जमिनीवर उतरलाय की हवेत?

विमान ३५ हजार फुटांवरून उडत असलं तरी केबिनमधल्या हवेचा दाब साधारण ६ ते ८ हजार फूट उंचीवर असतो तेवढा राखलेला असतो. आपलं कळसूबाई ५,४०० फूट. म्हणजे दाबाच्या हिशेबाने आपण शिखरावरच्या देवळाच्याही बरेच वर बसलेले असतो. दाब कमी झाला की पाणी लवकर उकळतं. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर आहे, त्यामुळे आपल्या गॅसवर पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं. ८ हजार फुटांच्या दाबाला ते ९२ अंशांवरच उकळतं. मग खालून कितीही आच द्या, ते आणखी तापत नाही, वाफ होऊन उडून जातं.

दळलेल्या कॉफीतून चव नीट उतरायला ९० ते ९६ अंशांचं पाणी लागतं. विमानातलं मशीन पाणी उकळीच्या थोडं अलीकडेच थांबवतं, आणि पुडीतून झिरपेपर्यंत ते अजून उतरतं. म्हणजे कॉफी काठावर पास होते किंवा थोडक्यात नापास. आंबूस, पातळ, पोकळ लागते ती यामुळेच. भाजणी कितीही चांगली असो, हे चुकत नाही.

चहाचं तर याहून वाईट होतं. काळ्या चहाच्या पत्तीला खळखळ उकळतं पाणी हवं, आणि ते तिथे मिळणारच नाही. नाशिककर मुळात चहाचे, हे मला मान्य आहे. तरी पिशवी बुडवलेला चहा आणि कॉफी एवढेच पर्याय ट्रॉलीवर असतील तर कॉफी घ्या.

दुसरी भानगड आपल्या नाकाची. केबिनमधली हवा फार कोरडी असते, आर्द्रता बहुतेक वेळा २० टक्क्यांच्याही खाली. नाक कोरडं पडलं की वास कळत नाही, आणि कॉफीची निम्म्याहून जास्त मजा वासात असते. जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेने लुफ्तान्सासाठी कमी दाबाच्या केबिनमध्ये चवीच्या चाचण्या घेतल्या होत्या. त्यात गोड आणि खारट चव जमिनीपेक्षा बरीच फिकी लागते असं दिसलं. आंबट-कडूला तेवढा धक्का बसत नाही. म्हणून नेहमीएवढी साखर घातली तरी वर कॉफी कडवटच वाटते. आपली जीभ बिघडलेली नसते.

पाकिटातली विकत घेतलेली

स्वस्त तिकिटाच्या कंपन्यांमध्ये बहुधा हीच मिळते. ओझरहून उडणाऱ्यांचा संबंध मुख्यतः हिच्याशीच येतो. इन्स्टंट म्हणून तिला नाक मुरडलं जातं, पण वर सांगितलेल्या हिशेबाने तिची बाजू भक्कम आहे. तिचा अर्क कारखान्यातच, जमिनीवर, हव्या त्या तापमानाला काढून वाळवलेला असतो. विमानातल्या पाण्याचं काम फक्त ती विरघळवण्याचं, आणि त्याला ८० अंशही पुरतात.

तिचं बिघडतं दुसरीकडे. दूध पावडर आणि साखर घातलेलं मिश्रण असेल तर त्यात कॉफी नावापुरती असते. वर कप काठोकाठ भरून दिला तर उरलेली चवही जाते. पैसे देण्याआधी साधी काळी इन्स्टंट मिळते का ते विचारा, साखर-दूध वेगळं मागा आणि कप अर्धाच भरायला सांगा. एवढ्याने तीच पुडी बऱ्यापैकी लागते.

पुडी फोडतानाही जरा बेताने. खाली बंद केलेल्या पुडीतली हवा वर फुगते, पुडी उशीसारखी टम्म होते. घाईत फाडली की पावडर फस्सकन उडून शेजाऱ्याच्या शर्टावर. आधी पुडी उभी धरून दोन टिचक्या मारा, पावडर तळाशी बसू द्या, मग वरचा कोपरा थोडासाच फाडून हवा जाऊ द्या.

जगमधून ओतलेली

तिकिटातच मिळणारी ही कॉफी ऐकायला भारदस्त. 'फ्रेश ब्रूड' म्हटलं की आपल्याला कॅफे आठवतो. गॅलीतल्या, म्हणजे विमानातल्या छोट्या स्वयंपाकघरातल्या, मशीनमध्ये दळलेल्या कॉफीची चपटी पुडी ठेवतात, तिच्यातून टाकीतलं गरम पाणी जातं आणि खाली जग भरतो. अर्क हवेत उतरतो, त्यामुळे पाण्याची सगळी अडचण हिला पुरेपूर भोवते. शिवाय जग तापत्या पट्टीवर ठेवलेला असेल तर दर मिनिटाला कॉफी कडवट होत जाते. पहिल्या ओळीला मिळालेला कप आणि तिसाव्या ओळीला मिळालेला कप एकाच जगमधले असले तरी एकसारखे नसतात.

नामांकित ब्रँडने यात किती फरक पडतो? थोडाच. युनायटेडमध्ये इली मिळते, डेल्टामध्ये स्टारबक्स, आणि आपल्याकडे विस्तारा होती तेव्हा तिच्यातही स्टारबक्स मिळायची. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये ती एअर इंडियात विलीन झाली. बी चांगलं असेल तर शिळा, जळका वास येत नाही, हे खरं. पण पाणी तेच, दाब तोच. अलास्का एअरलाइन्सने स्टम्पटाउन या कंपनीकडून खास उंचीवरच्या चवीसाठी भाजणी बदलून घेतली, ते मला जास्त समजूतदारपणाचं वाटतं. विमान कुठलं आहे हेही बघा. बोइंग ७८७ आणि एअरबस ए३५० यांच्या केबिनचा दाब सुमारे ६ हजार फुटांइतका असतो, म्हणजे पाणी ९४ अंशांजवळ उकळतं, आणि हवाही थोडी कमी कोरडी. मुंबईहून लांबच्या प्रवासाला निवड असेल तर ब्रँडपेक्षा या दोन अंशांना मी जास्त किंमत देते.

टाकीच्या पाण्याबद्दल बरंच घाबरवलं जातं, तेव्हा नेमकं सांगते. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २००४ मध्ये विमानांतल्या पाण्याचे नमुने तपासले, तेव्हा साधारण सातातल्या एका विमानात कोलिफॉर्म जिवाणू (पाणी दूषित असू शकतं याची खूण) सापडले. त्यानंतर २००९ मध्ये टाक्या धुण्याचे आणि पाणी तपासण्याचे नियम तिथे आले. पाणी चांगलं तापलेलं असेल तर निरोगी माणसाला घाबरण्यासारखं फारसं नाही. पण केमो चालू असलेला पेशंट, गरोदर बाई किंवा अगदी थकलेले आजी-आजोबा बरोबर असतील तर त्यांना टाकीच्या पाण्याची चहा-कॉफी देऊ नका. त्यांना सीलबंद बाटलीतलं पाणी द्या. चवीचा प्रश्न मात्र सगळ्यांनाच आहे: टाकीच्या पाण्याला क्लोरीनचा वास असतो, आणि काळ्या कॉफीत तो लपत नाही.

खाली पिऊन चढणं

चवीच्या बाबतीत हा पर्याय निर्विवाद पहिला. दाब नेहमीचा, नाक ओलं, कप काचेचा किंवा स्टीलचा. मुंबईच्या टर्मिनल २ वर हवी तशी कॉफी मिळते, फक्त दर विमानतळाचे. विमानतळावरचा स्वस्त 'उडान यात्री कॅफे' कोलकात्यात २०२४ च्या डिसेंबरमध्ये सुरू झाला, पुढे चेन्नईतही आला. तिथे कॉफी २० रुपयांत मिळते. त्या बाजूने जाणं झालं तर शोधा. ओझरचं टर्मिनल आटोपशीर आहे, तिथे निवडीला फार वाव धरू नका. शहरापासून ते वीसेक किलोमीटर, तेव्हा घरीच नीट कॉफी करून प्यावी आणि निघावं.

बंगळुरूला जाणाऱ्याला तर मी विमानात काहीच घेऊ नका म्हणेन. उडणं-उतरणं सोडून मधे तासभरच सेवा चालते, आणि खाली उतरलात की दर्शिनीत, म्हणजे तिथल्या उभ्याने खायच्या साध्या हॉटेलात, स्टीलच्या डबरा-पेल्यात (वाटी आणि पेला) फेसाळ फिल्टर कॉफी मिळते. कोरड्या नाकाने कागदी कप संपवून त्या कॉफीची भूक कशाला मारायची?

घरून नेलेली

लांबच्या प्रवासाला माझं मत हिलाच. ड्रिप बॅग, म्हणजे कपाच्या कडेवर अडकवायची दळलेल्या कॉफीची कागदी पिशवी, मात्र नेऊ नका. ती पातळ कागदी कपाच्या कडेवर नीट बसत नाही, तिच्यावर थोडं थोडं गरम पाणी ओतत राहावं लागतं, आणि एक गचका बसला की मांडी भाजते. शिवाय तिचा अर्कही हवेतच उतरणार.

न्यायचं ते घरी काढलेलं डिकॉक्शन. रात्री स्टीलच्या फिल्टरमध्ये तीन चमचे पावडर हलक्या हाताने दाबून बसवा, उकळी आलेलं पाणी ओता, झाकण ठेवा. सकाळपर्यंत खालच्या भांड्यात दाट, काळा अर्क जमलेला असतो. आपलं ९८ अंशांचं पाणी आपलं काम करून गेलेलं असतं. वर उरतं ते फक्त पातळ करणं. चिकोरी (एका मुळाची भाजून केलेली पूड) वीस टक्के असलेली पावडर घ्या. एरवी शुद्ध कॉफी पिणाऱ्यांनीही एवढ्यापुरती घ्यावी, कारण चिकोरीचा दाटपणा आणि कडूपणा कोरड्या जिभेलाही कळतो. फुलाफळांच्या वासाची महागडी अरेबिका मात्र घरीच प्या. वर तो वास पोचतच नाही.

मुंबईहून आंतरराष्ट्रीय प्रवासाला निघताना केबिन बॅगेतल्या द्रवाच्या बाटलीची क्षमता १०० मिलिलिटरपेक्षा जास्त चालत नाही. मोठी बाटली अर्धी भरून नेली तरी अडवतात, कारण बाटलीवरचा आकडा बघतात. ५० किंवा ६० मिलिलिटरची घट्ट झाकणाची बाटली घ्या आणि जवळजवळ काठापर्यंत भरा. आत हवा राहिली तर ती वर फुगून झाकणातून अर्क बाहेर ढकलते. बाटली झिपच्या पारदर्शक पिशवीत ठेवा, सोबत दूध पावडरच्या दोन पुड्या. चढल्यावर पहिल्या काही तासांतच संपवून टाका, उन्हाळ्यात तर नक्कीच. क्रूकडे अर्धा कप गरम पाणी मागितलं की सहसा मिळतं. विमान हलत असेल तर देत नाहीत, आणि ते योग्यच आहे.

एवढा खटाटोप नको असेल तर फ्रीझ-ड्राइड (गोठवून वाळवलेल्या) इन्स्टंटच्या चार पुड्या खिशात टाका. डिकॉक्शनची सर नाही, पण जगमधल्या कॉफीला ती मागे टाकते.

राहिला वेळेचा प्रश्न. मुंबईहून पश्चिमेकडची बरीच विमानं रात्री उशिरा सुटतात. कॅफीनचा निम्मा अंमल उतरायलाच पाचेक तास लागतात, म्हणून उडाल्या उडाल्या कॉफी घेऊ नका. नाश्त्याची ट्रॉली येईल तेव्हा घ्या. डिकॉक्शन तोवर टिकणार नाही असं वाटलं तर त्या वेळेसाठी पुडी ठेवा. परतीच्या प्रवासात मुंबईत उतरून लगेच नाशिकची गाडी धरायची असेल आणि ती स्वतः चालवायची असेल, तर कॉफीच्या भरवशावर कसारा घाट चढू नका. ड्रायव्हर आधीच ठरवून ठेवा.