बोट उचलेपर्यंत डाव माझा: ब्राउझरमधला माइनस्वीपर, काही महिने खेळून झाल्यावर

माइनस्वीपर म्हणजे बंद घरांच्या पटावर लपलेले सुरुंग टाळत बाकीची घरं उघडायचा खेळ. उघडलेल्या घरातला आकडा म्हणजे शेजारच्या घरांत किती सुरुंग आहेत ते, आणि झेंडा म्हणजे 'इथे सुरुंग आहे' ही आपली खूण. याहून जास्त इथे सांगत बसत नाही. साहेबांची पाठ फिरली की विंडोज ९८ किंवा एक्सपीवर तो उघडणाऱ्यांसाठीच हे लिहितोय. विंडोज ८ पासून तो विंडोजबरोबर आपसूक येईनासा झाला. स्टोअरमधून घ्यावा तर मध्ये जाहिराती. म्हणून ब्राउझरकडे वळलो. इन्स्टॉल करायला नको, पैसे नकोत, आणि कंपनीच्या लॅपटॉपवर आयटीवाल्यांची परवानगीही नको.

गेले काही महिने मी दोन ठिकाणी खेळतोय. एक म्हणजे बऱ्यापैकी गर्दीची साइट. तिचं नाव घेत नाही, कारण उद्या दुसरी कुठलीही साइट हेच करेल. दुसरा म्हणजे सायमन टॅथमच्या पझल कलेक्शनमधला 'माइन्स'. टॅथम म्हणजे तोच, दूरच्या सर्व्हरशी जोडून देणारा पुट्टी हा प्रोग्राम लिहिणारा. सर्व्हरवर काम करणाऱ्या निम्म्या जनतेनं त्याचं सॉफ्टवेअर वापरलेलं असतं, पण त्यानं चाळीसएक कोडी लिहून फुकट वाटली आहेत हे फार थोड्यांना ठाऊक असतं.

लिहायला बसायचं कारण म्हणजे गर्दीच्या साइटनं नुकतंच केलेलं अपडेट. नवे रंग, नवा आवाज, स्फोट झाला की स्क्रीन थरथरते. ते सगळं चाललं असतं. पण आता माउसचं बटण दाबताक्षणी घर उघडतं. पूर्वी सोडल्यावर उघडायचं.

यात एवढं काय, असं वाटेल. सांगतो. जुन्या विंडोजच्या माइनस्वीपरमध्ये डावं बटण दाबलं की घर नुसतं आत दबायचं आणि वरचा पिवळा चेहरा तोंडाचा 'ओ' करायचा. घर उघडायचं ते बटण सोडल्यावर. मधल्या क्षणात लक्षात आलं की 'अरे, हा २ नाही, ३ आहे', तर बटण दाबलेलंच ठेवून माउस पटाबाहेर सरकवायचा आणि तिथे सोडायचा. काही होत नसे. चेहरा परत हसरा. तो अर्धा सेकंद माझा होता. कॅरममध्ये स्ट्रायकरवर बोट टेकवलं म्हणजे शॉट झाला, असं कुणी म्हणत नाही. इथे आता टेकवलं की झाला.

मला अवघड खेळाचं वावडं नाही. एक्सपर्टचा पट ३०×१६, म्हणजे ४८० घरं, त्यांत ९९ सुरुंग. दर पाच घरांमागे एकाहून थोडा जास्तच. बिगिनरला ८१ घरांत १०, इंटरमिजिएटला २५६ घरांत ४०. म्हणजे नुसता पट मोठा होत नाही, सुरुंगही दाट होत जातात. हे अवघड आहे आणि ते कबूल आहे. बंद घरांच्या कडेला ओळीनं १-२-१ दिसल्यावर सुरुंग दोन्ही एकांसमोर, १-२-२-१ दिसल्यावर दोन्ही दोनांसमोर, हे डोळ्यांत बसायला वेळ लागतो. ते बसलेलं असूनही घाईत हुकलो तर हार माझी. पण हार माझी म्हणायची तर चालही माझीच हवी ना!

आता नशिबाचं. जुन्या खेळातही अन्याय होताच, आणि तो साधा नव्हता. उजवीकडचा खालचा कोपरा डोळ्यांसमोर आणा. शेवटच्या स्तंभात एकावर एक दोन घरं बंद. त्यांच्या वरच्या घरात सुरुंग, त्याच्या डावीकडच्या घरातही सुरुंग, दोन्हीं पक्के ठरलेले. बंद घरांच्या शेजारी दोन आकडे उघडे, वर ३ आणि खाली १. दोन्ही आकडे दोन्ही बंद घरांना शिवतात. म्हणजे दोघांपैकी एकात सुरुंग आहे एवढंच कळतं, कोणत्या ते कळायला मार्गच नाही. बाकीचा पट चोख सोडवून शेवटी छापा-काटा. असे दोन कोपरे एका डावात आले तर जिंकायची शक्यता पंचवीस टक्के, मग तुम्ही कितीही हुशार असा.

पहिल्या क्लिकचंही तसंच. जुन्या विंडोजमध्ये पहिल्याच घरात सुरुंग निघाला तर खेळ तो गुपचूप उचलून डावीकडच्या वरच्या कोपऱ्यात नेऊन ठेवायचा. तिथे आधीच एक असेल तर पुढच्या रिकाम्या घरात. पहिल्या क्लिकला मरण नाही, हे बरं. पण गर्दीच्या साइटवर पहिलं घर नुसतं 'सुरक्षित' असतं, मोकळं, म्हणजे शेजारी एकही सुरुंग नसलेलं, असेलच असं नाही. मध्यावर क्लिक केलं, एकटा ३ निघाला, भोवती आठ घरं बंद. पुढची चाल कशी करायची, देवाला विचारून? म्हणून एक्सपर्टला सुरुवात कोपऱ्यातून करावी. कोपऱ्यातल्या घराला तीनच शेजारी, त्यामुळे ते पूर्ण मोकळं निघायची शक्यता जवळजवळ निम्मी. मध्यावरच्या घराला आठ शेजारी, तिथे ती सोळा टक्क्यांच्या आसपास. हे गणित साइटनं मदत पानावर सांगायला हरकत नव्हती. तिथे मित्रांना आमंत्रण पाठवल्यावर किती नाणी मिळतात तेवढंच आहे.

टॅथमच्या माइन्समध्ये हे दोन्ही प्रश्न निकालात काढलेत. पट पहिल्या क्लिकनंतर तयार होतो, आणि तो तर्कानं शेवटपर्यंत सुटेल याची हमी असते. प्रोग्राम स्वतः तो पट सोडवून बघतो. कुठे अडला तर तिथले सुरुंग हलवतो, परत सोडवून बघतो, आणि मगच तुमच्यासमोर ठेवतो. हमी नको असेल तर ती बंदही करता येते.

सुरुवातीला मला हे बाळबोध वाटलं होतं. सुटणारच आहे तर त्यात मजा काय? महिनाभरानं मत पालटलं. अडल्यावर आता अंदाज मारायची सोयच राहत नाही. पूर्वी पाच मिनिटं डोकं खाजवून 'जाऊ दे, फिफ्टी-फिफ्टी आहे' म्हणून क्लिक करायचो. त्यातले कित्येक फिफ्टी-फिफ्टी नव्हतेच, मला दिसत नव्हतं एवढंच. इथे अडलो की कळतं, उत्तर पटावरच आहे. पुष्कळदा ते खालच्या पट्टीत असतं. तिथे किती झेंडे लावले आणि एकूण सुरुंग किती, हे येतं. एकूण सुरुंगांएवढे झेंडे लावून झाले असतील, तर उरलेली बंद घरं नुसत्या मोजणीवरून सुटतात. आकड्यांकडे बघत राहिलात तर जन्मात सुटणार नाही. म्हणजे नशीब काढून टाकल्यावर खेळ सोपा होईल असं वाटलं होतं, झाला उलटा अवघड.

एक बारीक खोट मात्र आहे. पट सुटणारच हे माहीत असल्यामुळे त्याच माहितीचा फायदा घेता येतो. 'हे घर असं असतं तर तिकडे कोपरा अडला असता, म्हणजे ते तसं नाही.' ही चोरवाट आहे, आणि मी ती वापरतो.

टॅथमच्या खेळात सुरुंगावर पाय पडला तर 'अनडू' करता येतं. यावर आमच्या भाच्याशी वाद झाला. "मामा, ही चीटिंग आहे." मलाही आधी तसंच वाटलं. पण खालच्या पट्टीवर किती वेळा मेलात तो आकडा राहतो, अनडू केल्यानं तो जात नाही. डाव पुरा करा, पण तीनदा मेलात हे तुम्हालाही दिसेल आणि मागून बघणाऱ्यालाही. हे मला पटलं. उरलेला सुंदर पट एका चुकीपायी टाकून द्यावा लागत नाही आणि स्वतःशी खोटंही बोलावं लागत नाही. गर्दीच्या साइटवर हीच सोय 'दुसरी संधी' या नावानं मिळते, आधी जाहिरात बघा मग जिवंत व्हा. आणि तिथे मेल्याची नोंद राहत नाही! जाहिरात बघितली की डाव स्वच्छ.

आता जोडा दोन्ही. दाबताक्षणी घर उघडायला लागल्यावर चुकून मरणं वाढलं, मरणं वाढल्यावर जाहिराती वाढल्या. हे मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही, माझ्याकडे पुरावा नाही. पण माझ्या डोक्यात तिडीक गेली ती यामुळे. सपोर्टला सविस्तर ईमेल लिहिलं.

टचपॅडवर खेळणाऱ्यांना माझं रडगाणं कळणार नाही, कारण टचपॅडवर नुसती टिचकी मारली की दाबणं आणि सोडणं एकदमच होतं. त्यांना हा अर्धा सेकंद कधी मिळालाच नाही. पॅड खाली दाबून खरं क्लिक करून बघा. किंवा साधा वायरवाला माउस घ्या, तीनशे रुपयांत येतो. मोबाइलवर तर आनंदच आहे. झेंडा लावायला बोट दाबून धरायचं, थोडं आधी उचललं तर झेंड्याऐवजी घरच उघडतं. म्हणजे जिथे सुरुंग आहे अशी खात्री आहे नेमकं तेच घर आपल्या हातानं उडतं. एक्सपर्टचा पट पाच-सहा इंची स्क्रीनवर तीस स्तंभांत बसवायचा, बोटाखाली एका वेळी दोन घरं येणार, पट सरकवायला जावं तर क्लिक होणार. ही असली हार माझ्या हिशेबात धरायची नाही, असं मी ठरवलंय. मोबाइलवर ९×९ च्या पुढे जाऊ नका.

इथवर लिहून ठेवलं होतं, तेवढ्यात सपोर्टचं उत्तर आलं. आधी कॅशे साफ करा, मग ब्राउझर बदलून बघा. मी परत लिहिलं की बिघाड नाही, तुम्हीच केलेला बदल आहे. मग खरं उत्तर आलं. वेगवान खेळाडूंच्या मागणीवरून बदल केलाय, आणि 'सोडल्यावर उघडा' हा पर्याय 'प्रगत नियंत्रण'मध्ये आहे. प्रगत नियंत्रण प्रीमियम सदस्यांना. महिन्याला शंभराच्या आत.

वेगवान खेळाडूंचा मुद्दा मी उडवून लावत नाही. सेकंदाच्या हिश्शावर विक्रम मोजणाऱ्याला दाबल्याबरोबर उघडणं सोयीचं पडतं, त्याला ते मिळायलाच हवं. पण मग सेटिंगमध्ये दोन पर्याय ठेवायचे, ज्याला जे हवं ते घेईल. जे वर्षानुवर्षं फुकट होतं ते काढून घ्यायचं आणि महिन्याच्या हप्त्यानं परत विकायचं, ही मात्र कमाल झाली. नवा पट, नवे रंग, अगदी इशारेसुद्धा विका. माझ्या बोटाचं भाडं मी देणार नाही. शंभर रुपये मोठे नाहीत, पण ज्या गोष्टीसाठी मागताय ती गोष्ट बघा. खातं बंद केलं. तिथली साठलेली नाणी गेली, त्यांचं तसंही काही मिळत नव्हतं.

टॅथमच्या माइन्समध्ये बटण दाबल्यावर घर नुसतं दबल्यासारखं दिसतं, उघडतं सोडल्यावर, आणि झेंडा लावलेलं घर डाव्या क्लिकला दाद देत नाही. जसं हवं तसं, आणि फुकट.

म्हणून ते सगळं गोड आहे असं नाही. दिसायला राखाडी, सरकारी कार्यालयातल्या फॉर्मसारखं. सर्वोत्तम वेळांची यादी नाही, कुणाशी स्पर्धा नाही. डाव अर्धवट ठेवून टॅब बंद केला की गेला. जपून ठेवायचा तर सेव्ह करून फाइल उतरवून घ्यायची, ती परत लोड करायची. आकड्याभोवती तेवढे झेंडे लावून झाले की त्यावर डाव्या क्लिकनं भोवतीची बाकीची घरं एकदम उघडतात, ते सोयीचं आहे, पण एक झेंडा चुकीचा असेल तर तिथेच खेळ खल्लास. याला मी अन्याय म्हणत नाही, झेंडा मीच लावला होता. स्पर्धेची हौस असेल तर डावाचा आयडी कॉपी करून दुसऱ्याला पाठवता येतो, त्याला तोच पट मिळतो. भाचा आणि मी सध्या तसं खेळतोय. तो वेळेत पुढे असतो आणि मरण्यातही.

आणखी एक, माहितीखातर. २००० साली बर्मिंगहॅम विद्यापीठाच्या रिचर्ड के यांनी दाखवून दिलं की माइनस्वीपरच्या एखाद्या पटावरचे आकडे एकमेकांशी जुळतात की नाही हे ठरवणं एनपी-कम्प्लीट आहे, म्हणजे ते दर वेळी झटपट ठरवायची रीत कुणालाच ठाऊक नाही. आमच्यासारख्यांना त्यातून घ्यायचं एवढंच, की पट मोठा आणि दाट असेल तर तर्क करणं संगणकालाही जड जातं. माइन्समध्ये सुरुंग फार दाट मागितले तर पहिल्या क्लिकनंतर पट यायला थोडा वेळ लागतो, तो मात्र सुटणारा पट मिळेपर्यंत प्रोग्रामला पुन्हा पुन्हा प्रयत्न करावे लागतात म्हणून. तेवढं थांबा, ब्राउझर अडकलेला नाही.

एक्सपर्ट सवयीचा झाला असेल तर 'टाइप'मध्ये जाऊन १६×१६ वर ९९ सुरुंग निवडा. ३०×१६ वर १७० सुद्धा आहे, पण त्याच्या वाटेला मी गेलेलो नाही. ९९ वालाच अजून एकदाही न मरता पुरा झालेला नाही. कुणाचा झाला असेल तर आयडी पाठवा.